ऑटिझमच्या थेरपीसाठी बेळगावात केंद्र बघताय? आमचा अनुभव

आम्ही वडगावचे. मालक उद्यमबागेत फौंड्रीत कामाला, मी घरी ब्लाऊज शिवते. मुलाला सातवं चालू आहे आणि त्याला ऑटिझम आहे. टिळकवाडीत एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर छोटं थेरपी केंद्र आहे, तिथं तो चार वर्षांचा असल्यापासून जातोय. स्पीच थेरपी, ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं, हालचाली आणि आवाज-स्पर्श सहन करायला शिकवणं) आणि स्पेशल एज्युकेशन, तिन्ही एकाच ठिकाणी. केंद्राचं नाव मुद्दाम घालत नाही. त्यांच्याकडे आत्ताच वेटिंग आहे आणि मला त्यांची जाहिरात करायची नाही. मुलाला कुठल्याही केंद्रात नेलं तरी काय बघायचं, काय विचारायचं आणि जे मिळत नाही ते कुणाकडं मागायचं, हे आपल्याकडच्या आईबापांना कळावं म्हणून लिहितेय.

आधी भाषेचं सांगते, कारण आपल्या भागात गाडी तिथंच अडते. या केंद्रातल्या स्पीचच्या टीचर धारवाडकडच्या, घरात कन्नड बोलणाऱ्या. मराठी त्यांना कळतं, बोलताना अडखळतात. मी पहिल्या दिवशी जरा नाराजच होते. खरं त्यांनी वही काढली आणि विचारायला सुरुवात केली: घरात कोण कोण आहे, आज्जीला घरात काय म्हणून हाक मारता, सकाळी काय खातो, पाण्याचा तांब्या म्हणता की गलास, झोपताना काय पांघरतो, कुठल्या गोष्टीसाठी रडतो. मी सांगेन तसं त्या कन्नड अक्षरांत आमचे घरचे मराठी शब्द लिहून घेत होत्या. मग म्हणाल्या, "अक्का, पुढच्या वेळी घरातल्या वस्तूंचे फोटो काढून आणा. पुस्तकातली चित्रं नकोत." त्याची कार्डं झाली. आमच्या तव्यावरची भाकरी, आज्जीचा दोरी बांधलेला चष्मा, बाबांची सायकल, ताकाचा पितळी पेला. कार्डाखाली शब्द मराठीत, माझ्या अक्षरात.

याच्या आधी एका ठिकाणी आम्हाला सांगितलं होतं की घरात मराठी, गल्लीत कन्नड, टीव्हीवर हिंदी, म्हणून मुलगा गोंधळलाय. आता फक्त इंग्लिश बोला. सासूबाईंना इंग्लिश येत नाही, मालकांना कामापुरतं येतं, मला शाळेतलं आठवतं तेवढंच. म्हणजे घरात त्याच्याशी कुणी बोलायचंच नाही असा त्याचा अर्थ झाला. या केंद्रातल्या टीचरनी ते पहिल्याच आठवड्यात मोडीत काढलं. ऑटिझम असलेल्या मुलांवर बऱ्याच ठिकाणी अभ्यास झाले आहेत, आणि दोन भाषांच्या घरात वाढल्यामुळं अशा मुलांचं बोलणं आणखी मागं पडतं असं त्यांत दिसलेलं नाही. आईबापाला जी भाषा मनापासून येते तीच घरात बोलायची. आज माझा मुलगा आज्जीनं मराठीत सांगितलेलं ऐकतो आणि शेजारच्या काकू कन्नडमध्ये "बारो" (ये रे) म्हणाल्या की त्यांच्या उंबऱ्यावरही जातो. त्यामुळं कुणी तुम्हाला मराठी सोडा म्हणालं तर त्याच्याकडं मूल सोपवायच्या आधी दहा वेळा विचार करा.

आता प्रत्यक्ष सेशनमध्ये काय चालतं ते. पंचेचाळीस मिनिटांचं सेशन असतं. सुरुवातीचं एक मला नीट आठवतंय, कारण मी तिथं भिंतीला टेकून बसले होते. टीचरनी पारदर्शक डब्यात चिरमुरे भरले आणि झाकण घट्ट लावलं. मुलाला चिरमुरे प्राणाहून प्यारे. त्यानं डबा ओढला, हलवला, टीचरचा हात धरून झाकणावर नेला. डब्याशेजारी चिरमुऱ्यांच्या फोटोचं कार्ड होतं. मुलाच्या मागं स्पेशल एज्युकेशनच्या मॅडम बसल्या होत्या, त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त मागून त्याचा हात कार्डाकडं नेला आणि कार्ड टीचरच्या तळहातावर ठेवायला लावलं. कार्ड हातात पडताच टीचर म्हणाल्या, "चिरमुरे!" आणि लगेच चारपाच दाणे त्याच्या हातात. पुन्हा डबा बंद. पुन्हा तेच. किती वेळा झालं ते मोजलं नाही, शेवटी शेवटी मागच्या मॅडमनी हात काढून घेतला आणि त्यानं आपणहून कार्ड उचलून दिलं. या पद्धतीला पेक्स म्हणतात, चित्र देऊन मागायला शिकवायची पद्धत. अमेरिकेत १९८५ साली ती तयार झाली. आपल्याकडं बरेच आईबाप भितात की कार्डाची सवय लागली तर मूल बोलणारच नाही. टीचरनी समजावलं की मागायचं कळलं की बोलण्याला आधारच मिळतो. मुलगा आज पूर्ण वाक्यं बोलत नाही, काही शब्द बोलतो, बाकीचं कार्डांवर. खरं डोकं आपटून घेणं जवळजवळ थांबलंय, कारण त्याला काय हवंय ते आता आम्हाला कळतं.

टीचरची एक गोष्ट मी घरी उचलली. त्या थांबतात. प्रश्न विचारला की मनात दहा आकडे होईपर्यंत गप्प. आपण आया काय करतो, "पाणी पाहिजे? पाणी पाहिजे का रे? हे घे पाणी," असं एका दमात करून मोकळ्या होतो. मुलाला उत्तर द्यायला जागाच राहत नाही. घरी मी गलास हातात धरून थांबायला लागले. पहिले काही दिवस सासूबाई चिडल्या, पोराला तहानेनं मारतेस काय म्हणून. मग एका दुपारी त्यानं गलासाकडं बोट केलं आणि माझ्या तोंडाकडं बघितलं. बोटानं दाखवून आपल्या तोंडाकडं बघणं ही बाकीच्या आयांना साधी गोष्ट वाटेल. सासूबाईंनी त्या दिवशी संध्याकाळी देवापुढं साखर ठेवली.

केंद्र निवडताना मी सगळ्यात वर ठेवेन ती गोष्ट म्हणजे आईला किंवा बापाला आत बसू देणं. इथं महिन्यातून काही सेशन पालकासमोरच होतात, आणि प्रत्येक सेशनच्या शेवटी पाच मिनिटं घरी काय करायचं ते दाखवतात. दाखवतात म्हणजे तुमच्याकडून करून घेतात. हिशेब सरळ आहे. आठवड्यातून दोन सेशन म्हणजे दीड तास. बाकीचा सगळा आठवडा मूल आपल्याजवळ असतं. दार लावून आत काय करतात ते कळूच न देणारी केंद्रंही आम्ही बघितली. एका ठिकाणी तर मुलाच्या रडण्याचा आवाज येत असताना मला बाहेर बसायला सांगितलं आणि फी मात्र पॅकेजची आगाऊ मागितली. तिथून आम्ही परत फिरलो.

ओटीची खोली मुलांना सगळ्यात आवडते. छताला टांगलेला झोपाळा, मोठा रबरी चेंडू, नाचणीनं भरलेला टब, त्यात लपवलेली बटणं. आमच्या पोराचं कानाचं दुखणं मोठं होतं. वडगावात दिवसभर मागांचा खडखडाट असतो, त्यात तो गाढ झोपतो. खरं मिक्सर लावला, कुकरची शिट्टी झाली, गणपतीत डॉल्बी लागला की कानांवर हात घेऊन पलंगाखाली. लोक म्हणायचे, नाटक करतंय, मागाचा आवाज चालतो आणि मिक्सरचा चालत नाही होय? ओटीच्या मॅडमनी सांगितलं की मागाचा आवाज एका ठेक्यात येतो आणि त्याला तो जन्मापासून माहीत आहे; मिक्सर कधी सुरू होईल हे त्याला कळत नाही, त्याचा त्रास आहे. म्हणून आता मिक्सर लावायच्या आधी त्याला मिक्सरचं कार्ड दाखवते आणि बटण दाबायला त्यालाच देते. मिरवणुकीसाठी मालकांनी फौंड्रीत ग्राइंडिंगवाले लावतात तसले कानावरचे ईअरमफ आणले. ते लावून गेल्या वर्षी त्यानं अनंत चतुर्दशीला गल्लीच्या तोंडाला उभं राहून गणपती बघितला. केस कापण्याचंही असंच. आधी बंद ट्रिमर नुसता हातात, मग गुडघ्यावर, मग चालू करून लांब. मॅडमनी आमच्या गल्लीतल्या कटिंगवाल्या दादांना फोन करून सगळं समजावलं. दादा आता त्याला सोमवारी सकाळी गिऱ्हाईक नसताना बोलावतात.

भिंतीवरची सर्टिफिकेटं वाचायला लाजू नका. स्पीच थेरपिस्ट, स्पेशल एज्युकेटर आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडं, म्हणजे आरसीआयकडं लागते, आणि तो नंबर परिषदेच्या वेबसाइटवर तपासता येतो. ओटीवाले आरसीआयखाली येत नाहीत, त्यामुळं त्यांची पदवी कुठल्या कॉलेजची आहे ते विचारायचं. या केंद्रात तिघींचे कागद दर्शनी भागात लावलेले आहेत. आणखी एक: इथं कुणी "बरा करून देतो" म्हणत नाही. ऑटिझम हा आजार नव्हे, मेंदूची घडणच वेगळी असते, ती जन्मापासून असते. लसीमुळं तो होत नाही. तसं सुचवणारा १९९८ चा शोधनिबंध लॅन्सेट या नियतकालिकानं २०१० मध्ये मागं घेतला. स्टेम सेलच्या नावाखाली लाखो रुपये घेणारे मोठ्या शहरांतून आपल्या भागातल्या पालकांना फोन करतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्येच सांगितलंय की ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचार करू नयेत. ओळखीच्या एका कुटुंबानं त्यासाठी शेत गहाण टाकायची तयारी केली होती, त्यांना टीचरनी समोर बसवून थांबवलं. ज्या केंद्रात त्यांचंच गिऱ्हाईक वाढवायचं सोडून असा सल्ला मिळतो, तिथं माझा विश्वास बसतो.

आता कमी काय ते. लिफ्ट नाही. दोन मजले चढायचे, आणि ज्या मुलाला सेरेब्रल पाल्सीही आहे, म्हणजे मेंदूमुळं हातपाय नीट चालत नाहीत, त्याच्या आईला त्याला कडेवर घेऊन चढावं लागतं. पालकांना बसायला जागा नाही, आम्ही जिन्यातच बसतो. रिपोर्ट फक्त इंग्लिशमध्ये देतात. मी मराठीत मागितला तर टीचरनी फोनवर बोलून रेकॉर्ड करून पाठवला, तेवढं केलं, पण लेखी मराठी किंवा कन्नड रिपोर्ट प्रत्येक पालकाला मिळायला पाहिजे. मूल आजारी पडून सेशन चुकलं तरी त्याची फी घेतातच, आधी कळवलं तरीही. पक्की पावती मागितल्याशिवाय देत नाहीत, ती मागून घ्याच, पुढं सांगते कशासाठी. आणि दहा-बारा वर्षांच्या वरच्या मुलांसाठी त्यांच्याकडं काहीच नाही. पोरगं वयात आलं की त्याला काय शिकवायचं, कुठल्या कामाला लावायचं, याची कसलीच सोय नाही. जिन्यात बसणाऱ्या मोठ्या मुलांच्या आयांच्या तोंडावर ती काळजी दिसते.

पैशांचं. एका सेशनला ४०० रुपये. स्पीच आणि ओटी धरून आठवड्याला दोन, म्हणजे महिन्याला सव्वातीन-साडेतीन हजार. मालकांच्या पगारात आणि माझ्या ब्लाऊजांत ते कसंबसं बसतं. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण, आधी कुठली वैद्यकीय तपासणी नाही, आणि थेरपीचा खर्चही ठरलेल्या मर्यादेपर्यंत मिळतो. क्लेमला पावती लागते, म्हणून पावती. प्रवासाचं सांगायचं तर जून २०२३ पासून शक्ती योजनेत आपल्याकडं कर्नाटकात बायकांना राज्याच्या साध्या सरकारी बसचं तिकीट नाही. हे ऐकायला किरकोळ वाटेल. खरं जांबोटीकडून येणारी एक आई मला जिन्यात म्हणाली, तिकीट लागत असतं तर मी दर आठवड्याला पोराला घेऊन आलेच नसते.

तिचं ऐकल्यापासून एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. चांगलं केंद्र टिळकवाडीत आहे म्हणून माझ्या मुलाला मिळालं. जांबोटी, कणकुंबी, नंदगडच्या मुलानं काय करायचं? निपाणी, चिकोडीकडच्यांनी? कागदावर सगळं आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी व्हायची असते, तपासायच्या गोष्टींत उशिरा बोलणं आणि ऑटिझमही आहे, आणि संशय आला की मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडं पाठवायचं असतं. माझ्या मुलाची दोन वर्षांचा असताना तपासणी झाली तेव्हा वजन आणि उंची घेतली, तो नावाला ओ देतो का हे कुणी बघितलं नाही. एका डॉक्टरांनी सांगितलं, मुलगे उशिरा बोलतात, थांबा. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची २० प्रश्नांची यादी आहे, हो की नाही एवढंच उत्तर द्यायचं. बोटानं दाखवतो का, दुसऱ्या मुलांकडं बघतो का, असे साधे प्रश्न. अंगणवाडी सेविकेच्या हातात ती मराठीत आणि कन्नडमध्ये छापून दिली तर किती मुलं वेळेत सापडतील. हे मी एकटी म्हणत नाही, जिन्यातल्या आम्ही सगळ्या आया म्हणतोय, आणि लेखी दिलंय.

दिव्यांग प्रमाणपत्राचं जरा सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. १९९५ च्या जुन्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यांत ऑटिझम नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार झाले आणि ऑटिझम त्यात आला. अर्ज स्वावलंबन या सरकारी वेबसाइटवर करायचा, मग सरकारी दवाखान्याचं मंडळ मुलाला तपासतं आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगाचं ओळखपत्र मिळतं. ते कार्ड देशभर चालतं, म्हणजे खानापुरात काढलेलं चंदगड-कोल्हापुरातही. ऑटिझम मोजायला इसा नावाची भारतातच तयार झालेली प्रश्नावली वापरतात. तिच्यात ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, एकूण ७० किंवा जास्त झालं की ऑटिझम; १०६ पर्यंत सौम्य, १५३ पर्यंत मध्यम, त्यापुढं तीव्र. यातले बरेच गुण आईवडील काय सांगतात त्यावर पडतात. आणि आपली गोची इथंच होते. प्रश्न कन्नडमध्ये किंवा इंग्लिशमध्ये येतात, आई मराठीत अडखळत काहीतरी सांगते, घाईत "हो, ठीक करतो" म्हणून जाते आणि मुलाचे गुण कमी पडतात. म्हणून जाताना घरून लिहून न्या: रात्री किती झोपतो, काय खात नाही, कशानं बिथरतो, हाक मारल्यावर बघतो का. मोबाइलवर घरातले दोन-तीन व्हिडिओ ठेवा. प्रश्न कळला नाही तर "मला मराठीत सांगा" असं स्पष्ट म्हणा. मी म्हणाले. तिथल्या एका सिस्टरना मराठी येत होतं, त्या येऊन बसल्या आणि अर्ध्या तासात सगळं नीट झालं. असं माणूस प्रत्येक तपासणीच्या दिवशी ठरवून बसवावं, एवढंच आमचं मागणं आहे. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्यावरची मुदत बघून ठेवा.

शाळा. एका शाळेत मला ऑफिसात उभं करून सांगितलं, "अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा असतात." घरी येऊन मी रडले आणि दुसऱ्या दिवशी केंद्रातल्या स्पेशल एज्युकेशनच्या मॅडमना सांगितलं. त्यांनी कायद्याची प्रत काढून दिली. ज्याचं प्रमाणपत्र ४० टक्के किंवा जास्त आहे अशा ६ ते १८ वर्षांच्या मुलाला घराजवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे, हे २०१६ च्या कायद्याच्या ३१ व्या कलमात आहे. निवड पालकाची, शाळेची नव्हे. शाळा ऐकत नसेल तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडं तक्रार करता येते. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. गल्लीतल्या सरकारी मराठी शाळेच्या बाईंनी प्रवेश दिला. केंद्रातल्या मॅडमनी बाईंसाठी एक पानाचं पत्र लिहून दिलं, मराठीत: त्याला दारापासून लांब आणि भिंतीच्या कडेला बसवा, घंटा व्हायच्या आधी सांगा, एका वेळी एकच गोष्ट सांगा, गप्प बसला म्हणजे कळत नाही असं समजू नका. बाईंनी ते पान टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. केंद्रानं आमच्यासाठी केलेलं सगळ्यात मोठं काम मला विचाराल तर ते पान. तालुक्याला समावेशक शिक्षणाचे शिक्षक असतात, त्यांना बीआयईआरटी म्हणतात. खरं एका शिक्षकाकडं इतक्या शाळा असतात की मुलाच्या वाट्याला त्यांचं येणं फार क्वचित येतं. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसात जाऊन आपल्या मुलाचं नाव त्यांच्या यादीत आहे का, हे स्वतः बघून या.

जिन्यात बसायला जागा नव्हती म्हणून आम्ही आया एकमेकींशी बोलायला लागलो, आणि आता आमचा गट आहे. मराठी बोलणाऱ्या आहेत, कन्नड बोलणाऱ्या आहेत, उर्दू बोलणाऱ्याही आहेत. अर्ज कन्नडमध्ये लिहायचा असेल तर बैलहोंगलच्या अक्का लिहितात, वरिष्ठांसमोर बोलायचं असेल तर मला पुढं करतात. जिल्हा कार्यालयात आम्ही दिलेल्या निवेदनात हेच मागितलंय: खानापूर, निपाणीसारख्या तालुक्यांच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून निदान दोन दिवस स्पीच थेरपिस्ट आणि ओटी बसावेत, तपासणीच्या दिवशी मराठी बोलणारं माणूस असावं, अंगणवाडी सेविकांना एम-चॅटचं प्रशिक्षण मिळावं. पोच घेतली आहे, शिक्क्यासह. महिना झाला की पुन्हा जातो. घटनेच्या ३५० क कलमात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायला सांगितलंय. ज्या मुलाला पहिला शब्दच अजून शिकायचाय, त्याचं शिक्षण या थेरपीच्या खोलीतच सुरू होतं, मग ती सोय तिथंही हवी. यात कन्नडविरुद्ध मराठी असं काही नाही. बैलहोंगलच्या अक्कांच्या लेकीला कन्नडमधून मिळावं आणि माझ्या लेकाला मराठीतून, हे आम्ही दोघी एकाच कागदावर सही करून मागतोय.

तर, हे केंद्र मी कुणाला सुचवेन? दोन ते आठ वर्षांच्या मुलाच्या आईबापाला, आणि ज्यांना घरी मेहनत घ्यायची तयारी आहे त्यांना, बिनधास्त. नुसतं मूल सोडून बाजाराला जायचं असेल त्यांना नको, कारण त्या टीचर तुम्हाला आत ओढतातच. मोठ्या मुलांसाठी दुसरीकडं शोधा. चालायला त्रास असलेल्या मुलासाठी आधी खालच्या मजल्याची सोय असणारं केंद्र बघा. ज्यांना बेंगळुरूला निम्हान्सला (मेंदू आणि मनाच्या आजारांचं सरकारी इस्पितळ) किंवा म्हैसूरला आयशला (बोलणं-ऐकण्याची सरकारी संस्था) दाखवायचंय त्यांनी तेही करावं, बेंगळुरूला राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री बसून सकाळी पोचता येतं. खरं तिथला सल्ला घेऊन आल्यावर रोजचं काम इथंच करायचं आहे.

नवीन मुलांना शनिवारी दुपारी बघतात. आधी फोन करून नाव लावावं लागतं. पहिल्या भेटीला मूल झोपेला आलेलं नसेल अशी वेळ मागा, त्याच्या आवडीचा खाऊ डब्यात न्या, घरातल्या वस्तूंचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा आणि लसीकरणाचं कार्ड, आधीचे रिपोर्ट सोबत ठेवा. आज्जी-आजोबांपैकी कुणी येत असेल तर त्यांनाही घेऊन जा, कारण दिवसभर मुलाजवळ तेच असतात. वेटिंग लागलं तर त्या मधल्या काळात काय करायचं ते टीचर फोनवर सांगतात, त्याचे पैसे घेत नाहीत.